यार्देनच्या उतारावरील यंत्र

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे उच्चार संगणकाकडून तपासून घ्यावेत, अशी मागणी अलीकडे पालकसभांतून आमच्या कानी येऊ लागली आहे. मुलाने मायक्रोफोनसमोर चार वाक्ये वाचायची, पडद्यावर लगेच गुण उमटायचे. यंत्राला आपपरभाव नसतो, असे या मागणीचे समर्थन केले जाते. आम्हांस ते मुळीच मान्य नाही.

ध्वनीचे विश्लेषण करणे आणि ध्वनीचा न्यायनिवाडा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी सिद्ध केलेली 'प्राट' ही प्रणाली विनामूल्य मिळते. उच्चारलेल्या शब्दाचा आलेख ती डोळ्यांपुढे मांडते: आवाज कोठे चढला, स्वर किती लांबला. इंग्रजी 'थ्री' म्हणताना आपण जीभ दातांमागे टेकवून झटक्याने सोडतो. इंग्रज माणूस ती दातांत धरून हवा वाहू देतो. हा फरक मुलाला आलेखात दिसला तर त्याचे हितच आहे. अशा आरशाशी आमचे भांडण नाही.

गुण देणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी. त्याला आधी असंख्य आवाज ऐकविलेले असतात, आणि मुलाचा ध्वनी त्या साठ्याशी कितपत जुळतो एवढेच ते मोजते. ज्यांचे आवाज साठ्यात, त्यांचा उच्चार प्रमाण! बोलणे ओळखणाऱ्या पाच मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या प्रणालींची तपासणी 2020 साली प्रसिद्ध झाली. गोऱ्या वक्त्यांच्या शंभर शब्दांमागे सरासरी 19 चुका झाल्या, कृष्णवर्णीयांच्या मागे 35. दोघेही अमेरिकन, दोघांचीही भाषा इंग्रजीच. 2017 साली तर ऑस्ट्रेलियात स्थायिक होऊ पाहणारी एक उच्चशिक्षित आयरिश स्त्री, जिची मातृभाषा इंग्रजी, संगणकाने तपासलेल्या तोंडी परीक्षेत आवश्यक गुणांपर्यंत पोहोचू शकली नाही. परीक्षा घेणाऱ्या कंपनीने यंत्राचा दोष नाकारला. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या आमच्या परिचारिकांनी मग कोणाकडे दाद मागावी?

माणूस परीक्षकही पक्षपाती असू शकतो, हे आम्ही जाणतो. पण 'बाळ, पुन्हा सांग पाहू' असे तो म्हणू शकतो, आणि त्याला जाब विचारता येतो.

शास्ते ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात गिलादी लोकांनी यार्देन नदीचे उतार अडवून धरले होते. पलीकडे जाऊ पाहणाऱ्यास ते 'शिब्बोलेथ' म्हणावयास लावीत. एफ्राईमी माणूस 'सिब्बोलेथ' म्हणे, आणि तेवढ्यावर त्याचा वध होई. त्या लढाईत 42,000 एफ्राईमी पडले. तो काय म्हणतो हे प्रत्येकाला कळत होते. कळण्याचा प्रश्नच नव्हता.

खरा प्रश्न कळण्याचाच असावयास हवा. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातील अभ्यासकांनी 1995 सालीच दाखवून दिले की हेल परका वाटला तरी बोलणे पूर्णपणे समजू शकते. आम्हांस तर पेन्टेकॉस्टचा दिवस आठवतो. प्रेषित गालीलकर आहेत हे जमावाने ओळखलेच. त्यांची बोली कोणी घासूनपुसून घेतली नव्हती. तरी प्रत्येकाला आपापल्या भाषेत समजले.

वसईच्या आमच्या माणसांना हे नव्याने सांगावयास नको. सामवेदी वा वाडवळी बोलणाऱ्या मुलाच्या मराठीला हसणारे वर्ग ज्यांनी पाहिले, त्यांनीच आपल्या नातवंडांना इंग्रजीच्या तशाच वर्गात, आणि तेही यंत्रापुढे, उभे करावे याचे नवल वाटते.

ज्या शाळांनी ही प्रणाली घेतली आहे त्यांनी ती सरावापुरती ठेवावी. तिचा आकडा प्रगतिपुस्तकात चढवू नये. आणि तुमच्या साठ्यात कोकणपट्टीतील किती मुलांचे आवाज आहेत, हे विक्रेत्याला विचारावे. उत्तर लेखी मागावे.