आकडा छापला, सामना राहिला

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही नावे मुंबईच्या वृत्तपत्रांत येतात ती बहुधा रखडलेल्या लोकलमुळे किंवा पुरामुळे. त्यामुळे जानेवारी २०१६ मध्ये शेजारच्या कल्याणमधील एक शालेय सामना जगभर गाजला, तेव्हा या पट्ट्यातील क्रिकेटप्रेमींना अभिमान वाटणे स्वाभाविक होते. के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने भंडारी चषक स्पर्धेत नाबाद १००९ धावा करून ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ मधील नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. कौतुक ओसरताच सीमारेषा किती जवळ होती, गोलंदाजी किती दुबळी होती, याची मोजदाद सुरू झाली. ती गैर नव्हती. प्रतिस्पर्धी आर्य गुरुकुलचे डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले होते. मात्र इतका विषम सामना मुळात होतोच कसा, हे विचारायला फारसे कोणी थांबले नाही.

त्याच वर्षी पश्चिम विभागाच्या सोळा वर्षांखालील संघात अर्जुन तेंडुलकर आला, प्रणव नाही, म्हणून चाहते खवळले. वास्तविक प्रणव मुंबईच्या त्या वयोगटाच्या संघातच नव्हता. त्याचा विचार होणे शक्यच नव्हते. संतापाचा नेम चुकला, पण त्यामागची सल खोटी नव्हती. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी मुंबई क्रिकेट संघटनेला शिष्यवृत्ती थांबवण्याची विनंती केली, तेव्हा पुन्हा बातमी झाली. मधल्या काळातील त्याच्या खेळींचे धावफलक किती जणांनी छापले? हॅरिस शिल्डचे धावफलक वर्षानुवर्षे देणारी क्रीडापाने कर्जत लोकलने कल्याणच्या पुढे क्वचितच जातात. बदलापूरच्या मुलाचे शतक शाळेच्या फळ्यावरच राहते.