पैलवानाचा खुराक कुणाच्या खात्यावर?

आज उसाचं काही नाही, दुधाच्या हिशेबाचं लिहितोय.

पुतण्या कोल्हापुरात तालमीत असतो. घरच्या म्हशीचं रोज 4 लिटर दूध कॅनमधून एसटीनं त्याच्याकडं जातं. परवा डेअरीचं बिल बघताना सहज गुणाकार केला. 58 रुपये दर धरला तरी महिन्याचे 6,960 झाले. बदाम, तूप, खोलीभाडं वेगळंच. वहीत हा खर्च कधी दिसलाच नाही, कारण डेअरीला न घातलेलं दूध कोण लिहून ठेवतंय?

1952 ला गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून 7 हजार उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं. पोलिसात फौजदाराची नोकरी मात्र लागली 1955 ला!

आपल्या राधानगरीतल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 ला पॅरिसमध्ये नेमबाजीत ब्राँझ जिंकला. तो 2015 ला रेल्वेत टीसी म्हणून लागला. आष्टीचा अविनाश साबळे सैन्यात. लोक म्हणतात, "बिचाऱ्याला टीसीची नोकरी करावी लागली." मला तसं वाटत नाही. त्या पगारावरच तर सराव चालतो. बक्षीस म्हणजे कांद्याला एखाद्या वर्षी लागलेला दर, त्यावर घर चालत नाही.

केंद्राच्या 'टॉप्स' योजनेत पदकाची आशा असलेल्यांना महिना 50 हजार, खालच्या गटाला 25 हजार मिळतात. चांगलंच आहे. पण तिथवर पोचायची आठ-दहा वर्षं बापाच्या गोठ्यावरच निघतात. जत्रांच्या मैदानात इनाम मिळतं, पाऊस लागला की तेही बंद. गेल्या साली पुतण्याचा गुडघा ऐन हंगामात गेला. सोयाबीनचा विमा तरी भरता येतो, गुडघ्याचं काय?

पदक आल्यावर कोटी जाहीर करता, जरूर करा. पण पीक हाती आल्यावर खत टाकून काय उपयोग? त्यातलं थोडं तालुक्यातल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या खात्यावर दरमहा टाका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि पोरांनी शाळा सोडू नये. नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण शिक्षणाची अट तिथंही असतेच. पुतण्या बारावीचा फॉर्म भरायला तयार नव्हता. दूध बंद करतो म्हटल्यावर सही केली गड्यानं.