नळ बंद, टाकी भरलेली

‘अगं, किती बारीक झालीस! कुठलं डाएट? आम्हालाही सांग ना!’

दोन महिन्यांत सहा-सात किलो वजन आपोआप उतरलं, तर आपल्या शहरात कुणी काळजी करत नाही. अभिनंदन करतात! लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये, लेडीज डब्यात. आणि जिचं अभिनंदन चाललेलं असतं ती मनातल्या मनात म्हणत असते, बाई गं, मी दिवसाला चार पोळ्या जास्त खातेय, रात्री अडीचला उठून फरसाणाचा डबा उघडतेय, तरी ही जीन्स कमरेवर राहत नाहीये.

थायरॉइड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो मंदावलेला थायरॉइड. वजन वाढतं, दिवसभर झोप येते, सकाळी उपाशीपोटी एक गोळी. प्रत्येक मजल्यावर ती गोळी घेणारी एक तरी काकू असतेच. याचा उलटा प्रकार मात्र फारसा कुणाच्या ओळखीचा नाही. त्यात ग्रंथी मंदावत नाही, सुसाट सुटते. नुसतं बसलेलं असताना छाती धडधडते, हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते आणि क्षुल्लक गोष्टीवरून डोकं फिरतं. तरुण वयात याचं नेहमीचं कारण म्हणजे ग्रेव्ह्ज डिसीज. १८३५ साली डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. कबरीशी काही संबंध नाही! (इंटरनेटवर शोधल्यावर पहिली भीती तीच वाटते.) आणि हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त आढळतो.

आमच्या ग्रुपमधल्या एकीला गेल्या वर्षी हे निघालं. राहायला गिरगावात, चाळीत. ऑफिस लोअर परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. निदान व्हायलाच चार महिने गेले. कारण पहिल्या डॉक्टरांनी ‘टेन्शन घेऊ नका, योगा करा’ म्हणून घरी पाठवलं होतं. बॉसचंही तेच, ‘यू नीड टू चिल!’ शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी तिला दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद थरथरायला लागला. मग ब्लड टेस्ट. टीएसएच जवळजवळ शून्य, टी-फोर दुपटीच्या वर.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना समजते. आजार सापडला, गोळी सुरू झाली, आता बरं वाटायला हवं. आई तिसऱ्या दिवशी विचारते, ‘फरक पडला का गं?’ ऑफिसात आठवड्यानं विचारतात, ‘नाऊ ऑल ओके, ना?’ नाही हो. ओके नाही. मला सांगायचंय ते इथलंच, कारण या मधल्या दिवसांबद्दल कुणी बोलत नाही.

याचं गणित चाळीतल्या माणसाला पटकन कळेल. कार्बिमेझोल नावाची जी गोळी देतात ती नवं हार्मोन तयार होणं थांबवते. म्हणजे नळ बंद करते. पण टाकी? ती काठोकाठ भरलेली असते. आपल्या ग्रंथीत काही आठवडे पुरेल इतकं हार्मोन आधीच साठवलेलं असतं, आणि रक्तात आलेलं टी-फोर निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो. त्यामुळे गोळी पहिल्या दिवसापासून चोख काम करत असते आणि तुम्हाला मात्र तीन-चार आठवडे काहीच जाणवत नाही. रिपोर्ट ताळ्यावर यायला बहुतेकांना चार ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत टाकी रिकामी होण्याची वाट बघायची.

या काळात आधार असतो तो दुसऱ्या गोळीचा. प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध हार्मोनला हात लावत नाही, पण काही तासांतच धडधड आणि हातांचा कंप कमी करतं. दमा असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण दमेकऱ्यांना ते चालत नाही. आणि बरं वाटलं म्हणून ते स्वतःच्या मनाने एकदम बंदही करायचं नाही.

आता हे आठवडे मुंबईत काढायचे म्हणजे काय ते बघा. अतिसक्रिय थायरॉइडमध्ये उकाडा सोसत नाही, आणि बाहेर ऑक्टोबर. मांड्यांमधली ताकद जाते, आणि चर्नी रोडचा जिना जागचा हलत नाही. आमची मैत्रीण दोन टप्प्यांत चढायची, मध्ये थांबून फोन बघितल्यासारखं करायची, म्हणजे मागून येणारी गर्दी शिव्या देणार नाही. ऑफिसात तर एसीवरून युद्धच! बाकी सगळ्या शाली पांघरून बसलेल्या आणि ही अठरावर घाम पुसतेय. खरा त्रास मात्र रागाचा. घरात भांडी आपटली जायची, टीममधल्या ज्युनियरला ई-मेलवर नको ते लिहिलं जायचं. मग रात्री रडू. हा स्वभाव बदलला नव्हता, रक्तातलं हार्मोन बोलत होतं. पण समोरच्याला ते दिसतं कुठे? प्लॅस्टर नाही, ताप नाही, उलट चेहरा उतरल्याने ‘स्मार्ट’ दिसतेय!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, ऑफिसात सांगून टाकावं. आजाराचं नाव नाही सांगितलं तरी चालेल, पण ‘पुढचे दोन महिने माझी ट्रीटमेंट सुरू आहे, त्यात लेट नाइट आणि टूर नको’ एवढं बॉसला सांगावंच. आठ आठवड्यांचा आकडा दिला की माणसं ऐकतात. ‘बरं वाटत नाहीये’ म्हटलं की नाही ऐकत.

बाकी मग छोट्या छोट्या तडजोडी. कटिंगचे सहा ग्लास दोनवर आणायचे, कॉफी मशीनकडे फिरकायचं नाही, कारण धडधडीत कॅफिनची भर कशाला? जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी पळत असाल तर नाडी ठिकाणावर येईपर्यंत ते बंद, आणि जिममधला जोरही बंद. सिगारेट तर आजच सोडा. ग्रेव्ह्जमध्ये डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो आणि धूम्रपान करणाऱ्यांना तो जास्त होतो. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं, गोळी बदलावी लागते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनो, इकडे लक्ष द्या! बायोटिनमुळे थायरॉइडचे रिपोर्ट खोटे येऊ शकतात, अगदी आजार नसताना असल्यासारखे. टेस्टच्या आधी ती किती दिवस बंद ठेवायची ते विचारून घ्या.

आणि एक गोष्ट फ्रिजवर लिहून चिकटवायची. कार्बिमेझोल सुरू असताना ताप आला आणि घसा दुखायला लागला, तर व्हायरल म्हणून क्रोसिन घेऊन झोपायचं नाही. फार थोड्या लोकांमध्ये ही गोळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी करते, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी सीबीसी करून डॉक्टरांना गाठायचं. रविवार असला तरी.

सगळ्यांचं भागतं गोळ्यांवर असं नाही. काहींना किरणोत्सारी आयोडीन घ्यावं लागतं, आणि या बाबतीत आपण मुंबईकर नशीबवान. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून परळलाच आहे. या उपचाराची सुरुवात १९४१ साली बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ या डॉक्टरांनी केली. एक घोट किंवा एक कॅप्सूल, बस्स. ग्रंथी ते आयोडीन शोषून घेते आणि आतून हळूहळू निकामी होते. हळूहळू हा शब्द इथेही महत्त्वाचा, कारण परिणाम दिसायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. म्हणजे वाट बघणं इथेही चुकत नाही!

पण खरी पंचाईत वेगळीच. या आयोडीनची किरणं दर आठ दिवसांनी निम्मी होतात, तोवर काही दिवस वेगळं झोपा, लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून लांब राहा, संडासात दोनदा पाणी टाका, असं सांगतात. वेगळी खोली असणाऱ्याला हे सोपं आहे. लालबागमध्ये दहा बाय बाराच्या खोलीत पाच जण, त्यात भावाचं तान्हं बाळ आणि गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास, तिथे लांब म्हणजे कुठे राहायचं? हा प्रश्न विचारायला लोक लाजतात. लाजू नका. डोस घेण्याआधी घर किती मोठं, घरात कोण कोण, हे आपणहून सांगा आणि किती दिवस, किती अंतर, हे आकड्यांत विचारून घ्या. कुणी त्या दिवसांत बाळ-बाळंतिणीलाच माहेरी पाठवतं, कुणी स्वतः डोंबिवलीच्या मावशीच्या रिकाम्या फ्लॅटवर जातं. तारीख घेताना हे ठरलेलं असलं की शेवटच्या दिवशी धावाधाव होत नाही.

आमच्या मैत्रिणीला त्याची गरज पडली नाही. सहाव्या आठवड्यात झोप परत आली. नवव्या आठवड्यात टी-फोर नॉर्मल आलं, पण टीएसएच अजून तळालाच होतं. ते बघून आईने परत देव पाण्यात घातले. डॉक्टरांनी सांगितलं, टीएसएच सगळ्यात शेवटी जागं होतं, त्याला काही महिनेही लागतात, सध्या टी-थ्री, टी-फोर बघायचं. गोळ्या सहसा वर्ष-दीड वर्ष घ्यायच्या असतात, आणि बंद केल्यावर जवळजवळ निम्म्या लोकांना आजार परत गाठतो, हेही त्यांनी न लपवता सांगितलं. तिचा आता अकरावा महिना आहे. एक पाकीट घरी देव्हाऱ्याशेजारी असतं, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, आणि पुढच्या टेस्टची तारीख दोघींच्याही फोनमध्ये आहे. तिच्या आणि आईच्या.