पेटी कुणाची, किती जुनी?

भजनी मंडळाची जुनी पेटी विकायला निघाली, की गिऱ्हाईक म्हणतं, "लाकूड किडलंय, काय राहिलंय हिच्यात?" मंडळी, सौद्याआधी पेटी जाणत्या माणसाकडून उघडून घ्या. दर्शनी पाटीवर जाऊ नका. पुष्कळदा ते नाव विकणाऱ्या दुकानदाराचं असतं. पट्ट्यांची फळी अलगद उचलली, की खालच्या अंगाला पितळेचे सूर दिसतात. त्यांवर पॅरिसचा किंवा जर्मनीचा छाप असेल, तर खोकं किडलं तरी किंमत सुरांची धरा. हार्मोनियमचं पेटंट देबँ या कारागिरानं पॅरिसला १८४० च्या दशकात घेतलं. हातानं भाता मारायची पेटी रूढ केली ती मात्र कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी. पुढे गुजरातेत पालिताण्यालाही सूर होऊ लागले.

एक मेख आहे. छाप सुरांची ओळख सांगतो, खोक्याची नव्हे. जुने सूर नव्या पेटीत बसवतातच. म्हणून भात्याच्या आत, पट्ट्यांच्या बुडाशी पेन्सिलीची तारीख, दुरुस्तीवाल्याची सही शोधा. छाप वाचायला सूर घासू मात्र नका. टोकाला घासला तर चढतो, बुडाशी घासला तर उतरतो, आणि मग एकादशीला पेटी एकीकडे, बुवा दुसरीकडे!