ताप उतरल्यावर धावायला कधी निघावे?

दिवाळी सरली की नगरच्या पहाटेला धार येते. वाडिया पार्कच्या मैदानात फेऱ्या मारणारे, पाथर्डी रस्त्याने चांदबिबी महालाच्या चढाकडे निघणारे लोक पाहिले, तर त्यांत साठी ओलांडलेले आता सहज नजरेत भरतात. यांतील काहींच्या घरी भिंतीवर सरावाचा तक्ता लावलेला असतो. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत मॅरेथॉन असते. तिच्यासाठी किंवा जवळपासच्या एखाद्या दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी बारा-सोळा आठवड्यांचे वेळापत्रक आखलेले असते. आणि नेमके याच दिवसांत घरात दुखणे शिरते. नातू शाळेतून सर्दी घेऊन येतो, ती आजोबांच्या छातीत उतरते, चार दिवस ताप राहतो आणि तक्त्यावरचे सहा-सात चौकोन कोरे पडतात.

त्यानंतर दवाखान्यात जो संवाद होतो, तो आता मला पाठ झाला आहे. रुग्ण विचारतात, “डॉक्टर, सात दिवस बुडाले, ते भरून कसे काढू?” शेजारी बसलेला मुलगा किंवा सून म्हणते, “तुम्हीच सांगा यांना, आता पुरे झाले हे धावणे.” माझ्या मते दोघांचेही म्हणणे सोडून देण्यासारखे आहे.

सरावाचा तक्ता म्हणजे सावकाराची वही नव्हे. बुडालेला दिवस बुडाला. तो व्याजासह फेडायचा नसतो. आठवडाभराच्या खंडाने कित्येक महिन्यांची कमाई वाहून जात नाही. धावताना प्राणवायू वापरण्याची शरीराची क्षमता पहिल्या आठ-दहा दिवसांत फारशी घटत नाही. ठळक घट दिसू लागते ती दोन ते चार आठवड्यांच्या खंडानंतर. मग पहिल्या दिवशी पाय शिशाचे का वाटतात? कारण आजारात खाणे-पिणे कमी झालेले असते, रक्तातील द्रवाचे प्रमाण उतरलेले असते, झोप मोडलेली असते आणि शरीराची रोगाशी झुंज ताप उतरल्यानंतरही काही दिवस आतून चालूच असते. ही सारी तात्पुरती तूट आहे. तिच्यावर दुप्पट सरावाचे ओझे टाकले, तर दुखणे उलटते.

खरी भीती हृदयाची आहे. काही विषाणू सर्दी-तापाबरोबर हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात. हे क्वचित घडते. परंतु सुजलेल्या हृदयाला जोराने पळवले, तर ठोक्यांची लय बिघडून प्राणावर बेतू शकते. म्हणून तापानंतर छातीत दुखणे वा जडपणा, छातीत धडधड, थोड्या चालण्यानेही धाप, भोवळ किंवा पायांवर सूज यांतले काहीही जाणवले, तर धावणे तर सोडाच, पण त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून ईसीजी आणि जरूर पडल्यास इको करून घ्यावा. धावता धावता शुद्ध हरपली, तर ती बाब तातडीची समजावी. हृदयाला सूज असल्याचे निदान झाले, तर साधारणपणे तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद ठेवावा लागतो. त्यात घासाघीस नाही.

आता मुला-सुनांच्या बाजूकडे वळू. त्यांच्या काळजीत खोट नाही, पण अंथरुणालाही आपली किंमत असते आणि ती आपण विसरतो. अमेरिकेतील डॅलस येथे 1966 मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर पडून राहण्यास सांगितले होते. त्यांची शारीरिक क्षमता चौथ्या हिश्श्याहूनही अधिक घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा असे दिसले की वयाच्या तीन दशकांनी जेवढे हिरावले नव्हते, तेवढे त्या तीन आठवड्यांनी हिरावले होते. हे तरुणांचे झाले. सरासरी सदुसष्ट वर्षांच्या निरोगी व्यक्तींवरील दुसऱ्या एका अभ्यासात केवळ दहा दिवसांच्या पलंगावरील विश्रांतीत पायांचे सुमारे एक किलो मांस झडलेले आढळले. “पडून राहा, काही करू नका” या मायेच्या आज्ञेचा हा हिशेब आहे.

तेव्हा काळजी घेणाऱ्यांनी आजारपणातच थोडी सुरुवात करावी. ताप चढलेला असताना विश्रांती हवीच. पण ताप उतरलेल्या तासांत रुग्णाने जेवण खुर्चीत बसून घ्यावे, स्वच्छतागृहापर्यंत कुणाला तरी सोबत घेऊन चालावे, दिवसातून दोन-तीनदा खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठून पाहावे. नुसत्या पेजेवर आठवडा काढू नये. वरण, दूध, दही, चालत असल्यास अंडे द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

पुन्हा बाहेर पडण्याचा दिवस कोणता? पॅरासिटामॉल न घेता सलग दोन दिवस ताप नाही, भूक परतली आहे, रात्रीची झोप लागते आहे आणि खोकला छातीतून येत नाही, एवढे जमले की तो दिवस आला. नुसते नाक वाहत असेल, घसा किंचित खवखवत असेल आणि ताप मुळीच नसेल, तर सावकाश चालण्यास हरकत नाही. तक्रार गळ्याच्या खाली उतरली, म्हणजे छाती, पोट किंवा अंगदुखी असेल, तर थांबावे.

नाडी मोजण्याची सवय येथे फार उपयोगी पडते. सकाळी उठण्यापूर्वी, चहाच्याही आधी, अंथरुणातच एक मिनिट नाडी मोजून कॅलेंडरच्या चौकोनात लिहावी. करोनाच्या काळात घेतलेले बोटाला लावायचे यंत्र कपाटात पडून असेल, तर ते हे काम करील. तापात दर एक अंश सेल्सिअसला नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते, आणि ताप गेल्यावरही ती काही दिवस चढी राहू शकते. आपल्या नेहमीच्या आकड्याहून ती आठ-दहाने अधिक असेल, तर धावण्याचा बेत त्या दिवसापुरता रद्द करावा. मात्र मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी औषधानेच दाबलेली असते. त्यांनी आकड्यापेक्षा धाप आणि थकवा यांवर अधिक विश्वास ठेवावा.

समजा, चार दिवस ताप होता आणि त्यापूर्वी आपण रविवारी चौदा किलोमीटर धावत होता. ताप जाऊन दोन दिवस झाले की पुढचे दोन-तीन दिवस सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे फक्त चालावे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग जड वाटले नाही, तर दोन मिनिटे हळू धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे वीस मिनिटे करावे. त्यानंतरच्या आठवड्यात पूर्वीच्या निम्मे अंतर, तेही शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा गतीने. पहिला लांब रविवार सात किलोमीटरचा, दुसरा दहाचा, तिसरा बाराचा. दोन आठवडे वेगाचा सराव नाही आणि चढ नाही. चांदबिबी महाल कुठे पळून जात नाही. आदल्या दिवसाचा थकवा दुसऱ्या दिवशीही उरला, तर एक पायरी खाली यावे. हा माझा ठोकताळा आहे, शास्त्रवचन नव्हे. सत्तरीपुढे किंवा मधुमेह, हृदयविकार असल्यास प्रत्येक पायरी दुप्पट लांबवावी.

शर्यत तीन आठवड्यांवर आली असेल, तर शरीराला नव्हे, शर्यतीला मुरड घालावी. एकवीसऐवजी दहा, दहाऐवजी ज्येष्ठांसाठीची छोटी दौड. नाव नोंदवले, पैसे भरले, टी-शर्ट आला, ही कारणे मी ऐकून घेतो, पण मानत नाही. एकोणनव्वदाव्या वर्षी पहिली मॅरेथॉन धावलेल्या फौजा सिंग यांनी 2011 मध्ये शंभरीत टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली. पण 2013 मध्ये हाँगकाँगला निरोपाची शर्यत धावले, ती दहा किलोमीटरचीच. अंतर कमी केल्याने त्यांचे नाव कमी झाले नाही.

औषधांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण हे सहसा कुणी सांगत नाही. जुलाब, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा छातीचा संसर्ग यांसाठी सिप्रोफ्लोक्सासिन, लेव्होफ्लोक्सासिन, ऑफ्लोक्सासिन ही प्रतिजैविके दिली जातात. पोटरीला टाचेशी जोडणारी दोरीसारखी जाड कंडरा या औषधांनी दुखू शकते, क्वचित तुटूही शकते. साठीनंतर आणि सोबत स्टेरॉइड चालू असल्यास हा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने 2008 मध्ये या गटाच्या वेष्टनांवर त्यासाठी सर्वांत कडक इशारा छापायला लावला. हा त्रास गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही उद्भवू शकतो. म्हणून आजारात कोणती गोळी घेतली, तिचे नाव जपून ठेवावे, आणि टाचेमागे दुखू लागल्यास मालिश करीत धावत राहू नये, थांबून दाखवावे.

दुसरी गोष्ट रक्तदाबाच्या गोळ्यांची. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असताना, लघवी वाढवणारी गोळी आणि टेल्मिसार्टनसारखे औषध चालू असताना, त्यावर अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊन धावायला निघणे, हा मूत्रपिंडावरचा तिहेरी घाव आहे. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनीही आजारपणात ते चालू ठेवावे की काही दिवस थांबवावे, हे विचारून घ्यावे. कोणतीही गोळी परस्पर बंद मात्र करू नये. पहिल्या आठवड्यात बसून आणि मग उभे राहून असा दोन्ही स्थितींत रक्तदाब मोजावा; उभे राहताच वरचा आकडा वीसने किंवा अधिक उतरत असेल, तर रस्त्यावर भोवळ येऊन पडण्याची भीती असते.

ताप डेंग्यूचा असेल, तर हिशेबच निराळा. त्यात ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच सर्वांत जपण्याचे असतात. पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची मरगळ ही लक्षणे त्याच वेळी येतात. प्लेटलेट पूर्ववत होईपर्यंत धावू नये, कारण साधे पडणेही महागात जाते. चिकुनगुन्यात सांधे महिनोन्महिने धरून राहू शकतात; तेथे चालणे आणि हलके व्यायाम हाच तक्ता.

धावण्याशी ज्यांचा संबंध नाही, त्यांनाही हे लागू आहे. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी आपल्याच जिल्ह्यातून पंढरीकडे जाते, आणि वाटेत जुलाब-तापाने गळालेल्या वारकरी आजी “चुकले तर वारी खंडित होईल” या धास्तीने दुसऱ्याच दिवशी पुन्हा चालू लागतात. दिंडीच्या वाहनातून एक-दोन मुक्काम पार केल्याने वारी मोडत नाही, हे त्यांना घरच्यांनी निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे. पिशवीत जलसंजीवनीची पाकिटे असावीत.

पहिले आठ-दहा दिवस घरातले कुणी तरी सोबत जावे. रागावण्यासाठी नव्हे, बोलत बोलत चालण्यासाठी. वडील वाक्याच्या मध्येच श्वासासाठी थांबू लागले, तर सोबतच्या माणसाला ते यंत्राआधी कळते.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते; आपल्याकडे ती पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये घेणे सोयीचे. लस टोचल्यावर हात दुखला किंवा अंग कोमट वाटले, तर एक-दोन दिवस तक्त्यातला चौकोन खुशाल कोरा सोडावा.