चारशे पटींची दुर्बीण

"चारशे पट मोठं दिसतं!" दुकानदार म्हणाला आणि आम्ही भाळलो. सौ.ने पाटल्यांसाठी साठवलेल्या पैशांतून दुर्बीण घरी आली. गच्चीत जराशी झुळूक आली की काटकुळी तिवई थरथरे. "बाबा, शनीचं कडं कुठंय?" मुलीने विचारले. मराठीचा मास्तर काय उत्तर देणार!

शेवटी पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना शरण गेलो. ते म्हणाले, "पट नव्हे, भिंगाचा व्यास विचारायचा. व्यासाचे जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे बिंब नुसतं फुगतं, धुरकटतं." आमचे भिंग ६० मिलिमीटरचे, म्हणजे फार तर १२० पट! भिंग दोन जातींच्या काचांचे नि नळी लांब असली, की चंद्राच्या कडेची जांभळी झालर पुष्कळ कमी होते. (असल्या जोडभिंगाचे पेटंट डॉलंडने १७५८ सालीच घेतले होते. आम्हांला कळायला जरा उशीर झाला, इतकेच.) सुदैवाने आमचे भिंग जोडभिंगच निघाले. खोट होती ती तिवईत.

सुताराकडून सागवानी तिवई करून घेतली. नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. त्याला १० मिलिमीटरचे नेत्रभिंग लावून ७० पटींवरच थांबलो. शनी स्थिरावला. इवलेसे, पण स्वच्छ कडे!

सौ. बराच वेळ डोळा लावून होती. मग म्हणाली, "घडण छान आहे. मजुरी किती पडली म्हणालात?"