फुकट की विकत?

परवा रात्री मैत्रिणीचा फोन. ‘अगं, नवा लॅपटॉप घेतलाय. मेलसाठी पैसे मोजून आउटलुक घेऊ, की फुकटातलं थंडरबर्ड?’

ऑफिसच्या मीटिंगा, कॅलेंडर सांभाळायचं तर क्लासिक आउटलुक झकास. पण त्याची पीएसटी फाइल उघडायला बहुतेकदा आउटलुकच लागतं. थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ची. ते मेल एमबॉक्स नावाच्या साध्या फाइलमध्ये ठेवतं. ती इतर प्रोग्रॅमही वाचतात. बाबा आज नाहीत, पण त्यांचे ‘जेवलीस का?’ विचारणारे मेल तीन लॅपटॉप बदलूनही माझ्याजवळ आहेत.

म्हणून तिला म्हटलं, ‘किंमत नंतर बघ. आधी बघ, सोडून जाताना आपलं सामान नेता येतं का? भाड्याचं घर घेताना डिपॉझिटचं विचारतेस ना, तसंच!’